सुटल्यावर काय करायचं

आत्ता हा अंक वाचता वाचता कुणी तुमचं मनगट घट्ट धरलं, तर तुमचा कोणता पाय आधी हलेल?

डावा की उजवा? पुढे की मागे? विचार करताय ना? मग तो पाय हललाच नाही. ज्याने मनगट धरलं त्याचं काम तेवढ्या वेळात झालं. हा प्रश्न मी गेली आठ वर्षं रत्नागिरी जिल्ह्यातल्या बायकांना विचारते आहे. शाळेतल्या मुलींना, टेलिफोन ऑपरेटर बाईंना, काजू फोडणाऱ्या कामगारणींना. बहुतेक जणी आधी हसतात आणि मग खाली स्वतःच्या पायांकडे बघतात. पायांकडे बघितलं की मी म्हणते, "रविवारपासून या."

संपादकांनी "तुमच्या कामातले धाडसी प्रसंग लिहा" असं कळवलं आहे. धाडसी प्रसंग माझ्याकडे आहे, पण धाडस माझं नाही. त्यातली चूक मात्र माझी आहे. तीच लिहिते.

आधी मी कोण ते सांगायला हवं. माझे बाबा रत्नागिरीतल्या एका छापखान्यात कंपोझिटर होते. शिशाचे खिळे एकेक उचलून ओळी जुळवायचे. चुकीचे छापलेले कागद ते घरी आणत आणि त्यांच्या कोऱ्या बाजूवर मी गणितं सोडवी. छापलेली बाजू वाचून मी वाचायला शिकले. त्यात लग्नपत्रिका असत, नाटकांच्या जाहिराती असत, पण मला आवडायची ती पत्रकं. पत्रक वाचणाऱ्याला नुसतं बसू देत नाही. सभेला या म्हणतं, वर्गणी द्या म्हणतं, अमक्याचा निषेध करा म्हणतं. सोळाव्या वर्षी मी माझं पहिलं पत्रक लिहिलं, हुंड्याविरुद्ध. बाबांनी ते शांतपणे वाचलं आणि परत दिलं.

"खिळ्यांच्या खणात उद्गारचिन्हं वीसच आहेत," ते म्हणाले. "तू छत्तीस घातलीस. सोळा काढ. कुठली ते तूच ठरव."

पुढे मी एका मुलींच्या शाळेत शारीरिक शिक्षणाची बाई झाले. मुलींसाठी चालणाऱ्या व्यायामशाळेत मी लाठी आणि ज्यूडो शिकले होते. आमचे वस्ताद म्हातारे आणि कडक. त्यांचा एक नियम होता. जोडीदाराची पकड सुटली की दोन पावलं मागे जायचं, हात जोडून त्याला नमस्कार करायचा, मग पुढची पकड. "समोरच्यानं तुला शिकण्यासाठी स्वतःचं अंग दिलंय," ते म्हणत, "त्याचे आभार मानल्याशिवाय दुसरी पकड नाही." मला हे फार पटायचं. आम्ही गुंडगिरी शिकत नव्हतो, विद्या शिकत होतो, आणि नमस्कार ही त्याची खूण. मी स्वतः वर्ग घ्यायला लागले तेव्हा वस्तादांचा नियम तसाच्या तसा उचलला. पकड, सुटका, दोन पावलं, नमस्कार.

हे काम बाहेरच्यांना वाटतं तसं नाही. लोकांना वाटतं, आम्ही बायकांना पुरुष उचलून आपटायला शिकवतो. एखादीला ते जमतंही, पण वर्ग त्यासाठी नसतो. मी तीनच गोष्टी शिकवते. पहिली आवाज. पोटातून, तोंड पूर्ण उघडून, लाज न बाळगता. सगळ्यांत अवघड हीच जाते, कारण आपल्या बायकांना लहानपणापासून हळू बोलायला शिकवलेलं असतं. दुसरी पाय. पकडलं की अंग मागे ओढलं जातं आणि पाय जमिनीला चिकटतात. ते आधी सोडवायचे. तिसरी अंगठा. कुणाचीही पकड कितीही दणकट असो, चार बोटं एका बाजूला आणि अंगठा एकटा दुसऱ्या बाजूला असतो. आपलं मनगट त्या एकट्या अंगठ्याच्या दिशेने वळवून झटका दिला की भलेभले हात सुटतात. हे समजायला पाच मिनिटं पुरतात. आणि नेमका तिथेच घोटाळा आहे. जे पाच मिनिटांत समजतं, ते आपल्याला आलं असं माणसाला वाटतं.

म्हणून माझा शिबिरांवर राग आहे. दोन दिवसांचं शिबिर, शेवटी पाहुणे, हार, फोटो आणि प्रमाणपत्र. सहा महिन्यांनी त्याच बाईचा हात धरून बघा. तिला प्रमाणपत्र कुठल्या कपाटात ठेवलंय ते सांगता येतं, पाय मात्र हलत नाही. भाकरी थापायची सहा महिने सोडून द्या आणि मग थापून बघा. तसंच हे आहे. रोज नाही तर निदान आठवड्याला हात धरला गेला पाहिजे, सुटला पाहिजे.

गिऱ्हाइकंही नाना तऱ्हेची. रत्नागिरीत एक गृहस्थ बायकोला घेऊन आले. तिची नोकरी फिरतीची. बायको जरा बाजूला गेल्यावर हळू आवाजात म्हणाले, "बाई, हे घरात वापरता येऊ नये असं काही शिकवता येईल का?"

"येईल की," मी म्हटलं. "तुम्ही घरात हात धरू नका, म्हणजे वापरावं लागणार नाही."

बायको दोन वर्षं नेमाने येत होती. गृहस्थ तिला सोडायला येत आणि वर्ग संपेपर्यंत भिंतीकडे तोंड करून पेपर वाचत.

पण मला सांगायचंय ते लांज्याचं.

लांज्याला एका काजूच्या कारखान्यात तीसेक बायका काम करत. कारखाना म्हणजे पत्र्याची लांब शेड आणि पुढे काजू वाळवायचं सारवलेलं खळं. बाया ओळीने बसून हातयंत्रात काजू धरायच्या आणि पायाने दाबून टरफल फोडायच्या. टरफलाचं तेल हाताला लागलं की कातडी जळते, म्हणून हाताला आधी खोबरेल आणि मग राख. संध्याकाळी सुटल्या की वाड्यावाड्यांवर चालत जायच्या. त्या वाटेवर त्यांना त्रास होतो असं एका शिक्षिकेने मला सांगितलं, आणि मी शेठना भेटले. रविवारी सुट्टी असते, खळं दोन तास वापरू द्या, एवढीच मागणी.

शेठ सावध माणूस. "मारामारी शिकवून झाली की पुढे काय, संप?"

"संप करायला मारामारी यावी लागत नाही," मी म्हटलं.

त्यांना हे आवडलं नाही, पण खळं दिलं. मी रविवारी सकाळच्या एसटीने हातखंब्यावरून लांज्याला जायची. खाली बारदानं पसरायची, त्यावर वर्ग. पहिल्या दिवशी अठरा जणी आल्या. मग टीव्हीवर रविवारी सकाळी ती देवांची मालिका सुरू झाली आणि वर्गाला तिघी उरल्या. बाजारपेठेतल्या ज्या एका घरात टीव्ही होता, तिथे बाया ओटीवर चपला काढून बसलेल्या मला दिसल्या. मी रागाने तिथेच भाषण सुरू केलं. पडद्यावर बाण सुटत होते. तारामावशी नावाची एक वयस्क कामगारीण मागे वळून म्हणाली, "बाई, वायच गप बसा. देवांचं आटपलं की आमचं." त्या दिवसापासून वर्ग साडेदहाला सुरू झाला आणि पुन्हा भरला. मी तत्त्वांच्या बाबतीत हट्टी आहे, पण वेळेच्या बाबतीत तेव्हापासून नाही.

ही तारामावशी वर्गात कधीच कुठली पकड शिकली नाही. "माजे गुडघे वळत नाय," असं पहिल्याच दिवशी सांगून ती खळ्याच्या कडेला बसली. "मी नुसती बोंब मारीन." मी म्हटलं, ठीक, तेवढं तरी करा. मग दर रविवारी आवाजाचा सराव सुरू झाला की ती उभी राहायची, पदर खोचायची आणि अशी ओरडायची की एसटी स्टँडावरचे लोक बघायला येत. आठवड्यात कामावरून जातानाही माळावर एकदा ओरडून घ्यायची. बाकीच्या हसायच्या. मीही मनातून हसत असे. मला वाटे, ही टाळाटाळ आहे.

माझी अभिमानाची विद्यार्थिनी होती वनिता. बावीस-तेवीस वर्षांची, अंगाने बारीक, नवरा मुंबईला एका कँटीनमध्ये. गुरवांचं घर, त्यात ती आणि तिची सासू भागीरथीकाकी. सासूने कामावर जायला परवानगी दिली होती ती एका अटीवर, आणि ती अट वनिताने मला पहिल्याच महिन्यात सांगितली होती. "बाई, आये म्हणते, वाटेत काय झालं आनि वाडीत चार लोकं बोलली, तर दुसऱ्या दिवसापासनं काम बंद." वनिताला काम बंद नको होतं. तिला शेडमधली ती ओळ, ते बोलणं, ते एकत्र डबा खाणं हवं होतं. लग्न होऊन आल्यापासून तिला जे काही स्वतःचं म्हणून मिळालं, ते त्या शेडमध्ये मिळालं होतं. म्हणून ती दर रविवारी यायची. दीड वर्षात तिने एकही रविवार चुकवला नाही. तिची सुटका बघायला मी इतरांना थांबवायची. झटका, पाय, दोन पावलं मागे, आणि मग मान खाली घालून केलेला सुंदर नमस्कार. वस्तादांनी बघितलं असतं तर डोळे पुसले असते.

शिमगा होऊन आठवडा झाला होता. संध्याकाळी साडेपाचची वेळ, लख्ख उजेड. वनिता इतरांच्या जरा पुढे चालत होती. रस्त्याच्या मोरीपाशी कारखान्याचा माल नेणारा टेम्पो थांबला होता. त्याचा ड्रायव्हर गेले काही दिवस तिच्यावर काहीबाही बोलत असे. त्या दिवशी तो खाली उतरला आणि तिचं मनगट धरलं.

पुढचं तिने मला रविवारी सांगितलं. वर्गाला ती आली नव्हती, म्हणून मी तिच्या वाडीवर गेले होते. विहिरीपाशी भेटली. आवाज इतका खाली की मला वाकून ऐकावं लागलं.

"त्यानं हात धरलान. माजा पाय लगेच गेला. अंगठ्याकडनं झटका दिला. सुटला, बाई. एकदम सुटला."

"मग?"

तिने कळशी खाली ठेवली. मग म्हणाली, "मग मी दोन पावलं मागं गेले आनि त्येला नमस्कार केला."

मला पहिल्यांदा हसू आलं हे मी लपवत नाही. पुढच्या क्षणी हिशेब कळला. दीड वर्ष, दर रविवारी, न चुकता, मी तिला शत्रूपासून सुटून त्याच्यासमोर दोन पावलांवर थांबायला शिकवलं होतं. हात जोडून. नजर खाली घालून. तिच्या हातापायांनी ते इमानाने केलं. ड्रायव्हरला आधी कळलंच नाही. मग तो हसला आणि तिचे जोडलेले दोन्ही हात एकदम धरले. जोडलेले हात धरायला तर आणखी सोपे.

तिला वाचवलं ते तारामावशीने. ती मागे होती. तिने वनिताला नमस्कार करताना बघितलं, आधी तिला वाटलं कुणी ओळखीचं माणूस आहे, आणि मग तिने रविवारची बोंब मारली. रानातून दोन माणसं धावत आली. ड्रायव्हरने हात सोडले आणि टेम्पो घेऊन गेला.

वाचली, पण बोभाटा झाला. दोन दिवसांत वाडीत प्रत्येकाला माहीत. "गुरवांच्या सुनेनं टेम्पोवाल्याला हात जोडलान," असं लोक बोलू लागले आणि त्याचा अर्थ ज्याला जसा हवा तसा लावू लागले. भागीरथीकाकीने अट पाळली. काम बंद.

मी त्या रात्री घरी येऊन पत्रक लिहिलं. अजून मला सर्व रागांवर तोच उपाय सुचतो. त्यात ड्रायव्हर होता, शेठ होते, वाडीतले तोंडाळ लोक होते आणि सुनांना कोंडून ठेवणाऱ्या सासवा होत्या. सकाळी बाबांपुढे ठेवलं. त्यांनी चष्मा पुसून वाचलं.

"वनिताचं नाव दोनदा आलंय," ते म्हणाले. "तिला विचारलंस?"

"नाही."

"तिच्या सासूबद्दल इतकं लिहिलंयस. तिला भेटलीस?"

"नाही."

"आणि नमस्कार कुणी शिकवला ते मला यात कुठे दिसत नाही."

मी कागद परत घेतला. एकाही चिन्हाला हात न लावता त्यांनी माझं सगळं पत्रक कापलं होतं.

पुढच्या रविवारी वर्ग लवकर संपवून मी गुरवांच्या घरी गेले. भागीरथीकाकी घरापुढच्या खळ्यात बसून केरसुणीसाठी नारळाच्या झावळीचे हीर काढत होती. पन्नाशीची, उभट, हाताच्या शिरा दोरासारख्या. जन्मभर कोयता चालवलेली बाई. मला बसायला पाट दिला, पाणी दिलं, गूळ दिला आणि मग म्हणाली, "तुमीच ना नमस्कार शिकवनाऱ्या?"

"मीच," मी म्हटलं. मी घरातून निघताना मोठं भाषण तयार केलं होतं. स्त्रीचा कामाचा हक्क, समाजाची दुटप्पी नीती, सगळं. त्यातलं एक वाक्य बाहेर आलं नाही. "चूक माझी आहे. वनिताने मी शिकवलं तेच केलं. सुटका तिची बरोबर होती. पुढचं मी चुकीचं शिकवलं. तिची शिक्षा मला द्या."

काकीने हीर काढायचे थांबवले. "तुमाला काय शिक्षा देऊ? तुमचं काम मी कशी बंद करनार?" मग आत वळून हाक मारली, "वने, भायेर ये गो."

वनिता पदराला हात पुसत बाहेर आली. ती पायरी उतरते आहे तोच काकी उठली आणि तिने सुनेचं मनगट धरलं. तिच्या हाताची ताकद मला तीन हातांवरून कळत होती. वनिताचा पाय गेला, झटका बसला, हात सुटला. दोन पावलं मागे. नमस्कार.

सासूला नमस्कार करून ती तशीच उभी राहिली. मग आपण काय केलं ते तिच्या लक्षात आलं आणि तिने डोळ्याला पदर लावला.

"बगितलात?" काकी मला म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, एखाद्या गुराचा पाय कुठे लचकलाय ते सापडल्यावर असतं तसं समाधान होतं. "सुटतं पोरीला. माज्या हातातनं सुटली म्हंजे कुनाच्याबी सुटेल. सुटल्यावर काय करायचं ता येत नाय. ता मी शिकवते."

"तुम्ही?"

"मग कोन? तुमी आठ दिसांनी येनार. हात काय रविवार बगून धरतोय कोन?"

मी या विषयावर बरीच पुस्तकं वाचली आहेत. हे वाक्य मला त्यात सापडलं नव्हतं. आमचा सगळा सराव ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या जागी, ठरलेल्या जोडीदाराबरोबर, "तयार?" असं विचारून होत असे. नमस्काराइतकीच ही दुसरी चूक होती, आणि ती मला काकीने दाखवली.

तिने अट घातली. ती वनिताला न सांगता धरणार. वनिताने सुटून मागे न बघता खळ्याबाहेर पळायचं आणि समोरच्या आंब्याखाली पोचेपर्यंत ओरडत राहायचं. ज्या दिवसापासून नमस्कार बंद होईल, त्या दिवसापासून काम सुरू.

मी निघताना विचारलं, "आणि लोक बोलतील ते?"

"बगू," काकी म्हणाली.

पुढचा महिनाभर गुरवांच्या घरात काय चाललं होतं ते मला वनिताकडून तुकड्यातुकड्यांनी कळत गेलं. काकी चुलीपाशी धरायची. विहिरीवर, कळशी डोक्यावर असताना धरायची. एकदा देवाला फूल वाहताना धरलं, तेव्हा नमस्कार झाला तो देवाला की सासूला यावरून दोघींचा वाद झाला. पहिले पंधरा दिवस प्रत्येक वेळी हात जोडले जात. मग अर्धवट जोडले जाऊन थांबू लागले. मग नुसती मान खाली जायची. अंगात मुरलेलं काढणं हे नवं शिकवण्यापेक्षा किती अवघड असतं ते मी तेव्हा बघितलं. शेजारच्या बायका कुंपणावरून बघत. सासू सुनेला मारते की काय म्हणून एक जण मध्ये पडायला आली, तर काकीने तिचाच हात धरला. तिला सोडवता आला नाही. दुसऱ्या दिवसापासून तीही येऊ लागली.

इकडे लांज्याच्या खळ्यात मी नमस्कार वर्गाच्या सुरुवातीला आणि शेवटी, असा दोनदाच ठेवला. मधला काढून टाकला. आता सुटका झाली की पळायचं आणि तारामावशीपर्यंत पोचायचं. तारामावशीला मी सगळ्यांसमोर आवाजाची शिक्षिका नेमलं. "आता गुडघ्याचं काय म्हणता?" मी विचारलं. "गुडघे तसेच," ती म्हणाली, "पन मान वाढला."

अक्षयतृतीयेच्या आदल्या दिवशी वनिता भाताची पेज गाळत होती. काकीने मागून हात धरला. वनिताने भांडं सोडलं, हात सोडवला आणि ओरडत थेट आंब्यापर्यंत गेली. पेज सगळी सांडली. काकीने जमिनीवरची शितं गोळा केली आणि म्हणाली, "उद्या सन हाय. परवापासनं कामाला जा."

टेम्पोवाला तिथेच होता. आम्ही पोलिसात तक्रार दिली होती, शेठना सांगितलं होतं. दोन्हीकडे "बघतो" असं उत्तर होतं. वनिता कामावर परतल्यावर चारपाच दिवसांनी, त्याच मोरीपाशी, त्याने तिच्या दंडाला हात घातला. या वेळी तिने मला सांगितलं ते कारखान्याच्या खळ्याच्या मधोमध उभं राहून, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"हात लागला एवढं कळलं. पुढचं कळलं तवा मी पानाच्या टपरीपाशी व्हते आनि ओरडत व्हते."

तिच्या ओरडण्याला मागून तारामावशीने साथ दिली, आणि तारामावशीला तिच्यामागच्या सगळ्या ओळीने. पंधरा-वीस बायकांचा सराव केलेला आवाज होता तो. टपरीवरचे, स्टँडावरचे लोक आले. ड्रायव्हरला मोरीच्या कठड्यावर बसवून ठेवलं, पोलीस पाटील येईपर्यंत. कुणी त्याला हात लावला नाही. तो इतका बावरला होता की बायकांनीच त्याला पाणी दिलं. शेठनी दुसऱ्या दिवसापासून दुसरा टेम्पो लावला. म्हणाले, कारखान्याची अब्रू जाते. इतके दिवस ती कुठे होती, असं मी विचारणार होते, पण खळं अजून हवं होतं.

पुन्हा बोभाटा झाला. मी घाबरून गुरवांकडे गेले. भागीरथीकाकी वाटेवरच भेटली. एका अनोळखी माणसाला थांबवून सांगत होती, "आमच्या सुनेनं केलान ता. माज्या हाताखाली तयार झालीय."

आता शेवटची गोष्ट, जी सांगायला मला जरा जड जातं.

त्या वर्षी भातकापणी उरकल्यावर मी त्यांच्या वाडीवर गेले. एव्हाना तिथे संध्याकाळी पाचसहा बायका आपापसात सराव करत आणि माझी गरज कुणाला उरली नव्हती. त्याचा आनंदच होता. मी खळ्याच्या कडेला वाकून पायावर पाणी घेत होते. मागून कुणीतरी माझं मनगट धरलं. पकड ओळखीची नव्हती, पण दणकट होती. माझा पाय गेला, अंगठ्याकडे झटका दिला, सुटले.

दोन पावलं मागे गेले आणि हात जोडले.

समोर भागीरथीकाकी. सगळं खळं हसत होतं. वनिता तर हसून खाली बसली. मीही हसले, पण कान तापले होते. नियम मी वर्गातून काढला होता. माझ्या अंगातून काढायला कुणी नव्हतं.

काकी हसली नाही. तिने जरा काळजीने विचारलं, "बाई, तुमचा सराव कोन घेतंय?"

कुणी घेत नव्हतं. आठ वर्षं मी इतरांचे हात धरत होते. माझा हात कुणी धरला नव्हता, कारण मी बाई, मला येतं.

त्या आठवड्यात मी बाबांना विचारलं. ते आता छापखान्यातून निवृत्त झाले आहेत, पण चिमटीत शिशाचे खिळे धरून धरून त्यांची बोटं सांडशीसारखी झाली आहेत. तेव्हापासून ते मला न सांगता धरतात. चहा गाळताना, वह्या तपासताना, परवा तर या लेखाचं हे पान लिहिताना. कागदावर शाईचा डाग आहे, संपादकांनी माफ करावं. पहिला महिना हात जोडले जात होते. आता मी दारापर्यंत पोचते. बाबा पाठीमागून म्हणतात, "आवाज कुठाय?"

या सगळ्यावर मी पुन्हा एक पत्रक लिहिलं. वनिता आणि काकी दोघींना वाचून दाखवलं, त्यांनी दोन शब्द बदलले. बाबांनी जुन्या छापखान्यात जाऊन स्वतः जुळवलं. चार ओळींचं आहे. उद्गारचिन्ह एकही नाही. तेच इथे देते, फक्त कागदाच्या जागी अंक घालून, आणि ते तुमच्यासाठी आहे.

हा अंक आता खाली ठेवा. घरात जे कुणी जवळ असेल त्याला तुमचं मनगट घट्ट धरायला सांगा. सुटा, आणि न थांबता, मागे न बघता, ओरडत दारापर्यंत जा. मग त्या माणसाला सांगा, की या आठवड्यात पुन्हा एकदा धर, पण कधी ते मला सांगू नको.